दूरदर्शनपासून डोरेमॉनपर्यंत: लहानपणीच्या कार्टूनांतले नेमके काय टिकले?

माजघर

बालपणीच्या कार्टूनांवर धागा निघाला की शंभरेक नावांची यादी जमते, 'अगदी अगदी' म्हणून सगळे माना डोलावतात आणि पांगतात. या धाग्यात याद्या नकोत, अशी आधीच विनंती करून ठेवतो. आपल्या आवडीचे एखादेच कार्टून घ्यावे, जमल्यास त्याचे दोन-चार भाग आज पुन्हा पाहावेत, आणि त्यातले काय टिकले व काय विटले ते जरा सविस्तर लिहावे.

माझी निवड अर्थातच मोगलीची. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९० मध्ये केलेली ५२ भागांची ही मालिका दूरदर्शनने १९९३ मध्ये हिंदीत दाखवली. अलीकडे तिचे काही भाग पुन्हा पाहिले, तेव्हा चित्रांनी थोडी निराशाच केली. पात्रे बोलताना फक्त ओठांची उघडझाप होते, बाकीचा देह थिजलेला असतो, आणि कळप धावताना तीच तीच चार-दोन लांडग्यांची चित्रे फिरून येतात. पण आवाज सुरू झाला की तीस वर्षे गळून पडतात. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाज यांची चाल आणि शेरखानसाठी नाना पाटेकरांचा आवाज, एवढा ऐवज एका मुलांच्या मालिकेसाठी कामाला लागला होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले असेल? नानांच्या शेरखानला भीती घालण्यासाठी डरकाळी फोडावी लागत नाही. शब्दांच्या मधे तो जिथे थांबतो, तिथेच आपण आक्रसतो.

याच सुमारास दूरदर्शनवर डिस्नेची 'टेलस्पिन'ही लागत असे. तिच्यातला बल्लू विमान चालवत असे आणि शेरखान सूट-टाय घातलेला बडा उद्योगपती होता. एकच वाघ एकीकडे जंगलात माणसाच्या पिल्लाच्या जिवावर उठलेला आणि दुसरीकडे कचेरीत बसून सौदे करणारा, यात आम्हा मुलांना काहीच खटकले नाही, याचे आज नवल वाटते.

तर माझे म्हणणे असे, की नव्वदच्या दशकातल्या आपल्यासारख्यांना कार्टून पाहिल्यापेक्षा ऐकल्याचे जास्त आठवते. त्याला कारणही आहे. गच्चीवरचा अँटेना जरा हलला की चित्रात मुंग्या येत, माणसांच्या सावल्या पडत, पण आवाज बहुधा शाबूत राहत असे. ज्याची खात्री होती तेच मनात बसले.

वैनगंगाकाठ

धागा आवडला. आम्हा भंडाऱ्याकडच्या लोकांचा मोगलीवर जरा जास्तच हक्क आहे, म्हणून लिहितो. किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ मध्ये. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. मोगलीच्या गोष्टी मात्र त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत बसून लिहिल्या, आणि त्या घडवल्या शिवनीच्या टेकड्यांत. त्या कथांतली नदी म्हणजे आमची वैनगंगा. ती शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि गोंदिया, भंडारा करत खाली गडचिरोलीकडे जाते. कान्हीवाडा हे गावही त्या कथांत येते आणि शिवनीच्या नकाशावर आजही सापडते.

लहानपणी यातले काहीही ठाऊक नव्हते. जपानी चित्रकारांनी काढलेले रान बहुतेक भागांत हिरवेगार, वेलींनी लगडलेले आणि दमट दिसे. आमच्याकडचे रान साग, तेंदू आणि मोहाचे. चैत्र-वैशाखात सागाची पाने गळून जमिनीवर त्यांचा थर साचतो आणि त्यावरून कुत्रे जरी चालत गेले तरी पापड मोडल्यासारखा आवाज होतो. अशा रानात बघीरा दबा धरून बसणार तरी कसा, हा प्रश्न पुढे पेंचला गेल्यावर पडला, आणि त्यानंतर ती मालिका मी वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. तिच्यातल्या मोगलीच्या हातात बुमरँग असते, जे ना किपलिंगने दिले ना शिवनीने. तरीही आजूबाजूची सगळी पोरे बाभळीच्या वाकड्या फांद्या फेकत हिंडत होती आणि त्या परत येत नाहीत म्हणून एकमेकांवर चिडत होती. तेव्हा माजघर, आवाजाचे तुमचे म्हणणे मान्य, पण फांदी फेकण्याची ती ऊर्मी चित्रातूनच आलेली होती.

दुपारचा_चहा

यादी नको म्हटले आहे, पण 'स्वॅट कॅट्स'चे नाव धाग्यात नसावे हे पाहवेना. १९९३ साली आलेली मालिका, दोन मांजरे, एक लढाऊ विमान. पुन्हा पाहण्याचे धैर्य केलेले नाही आणि करणारही नाही.

चौकटीमागे

मी ॲनिमेशनच्या व्यवसायात आहे, त्यामुळे माजघर यांचे निरीक्षण मला पटते, पण चित्रांवर त्यांनी मारलेला शेरा पटत नाही. ती मालिका तुटक दिसते याचे कारण चित्रकारांचे हात कच्चे होते हे नसून हिशेब पक्का होता, हे आहे.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढले तर हालचाल लोण्यासारखी होते, पण खर्च कोणालाच झेपत नाही. म्हणून एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरतात आणि सेकंदाला १२ चित्रांत काम भागवतात. दूरचित्रवाणीच्या मालिकांना दर आठवड्याला नवा भाग द्यायचा असतो, म्हणून तिथे तेही परवडत नाही. ओसामू तेझुका यांनी १९६३ मध्ये जपानमध्ये 'ॲस्ट्रो बॉय' सुरू केली, तेव्हा एक चित्र तीन चौकटींना, म्हणजे सेकंदाला ८ चित्रे, शिवाय शक्य तिथे पात्र स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, अशी काटकसरीची पद्धत तिथे रूढ झाली. मोगली त्याच परंपरेतला आहे.

अमेरिकेत हेच विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी केले, आणि त्यांची गोष्ट अधिक मजेशीर आहे, कारण या दोघांनी आधी उधळपट्टी पाहिली होती. एमजीएम या हॉलीवूडच्या चित्रपटसंस्थेत १९४० ते १९५८ या काळात 'टॉम अँड जेरी'चे त्यांचे ११४ लघुपट आले. सात-आठ मिनिटांच्या एकेका लघुपटावर महिनोन्महिने काम चाले, कारण तो चित्रपटगृहात दाखवायचा असे. मग एमजीएमने १९५७ मध्ये तो विभागच बंद केला, आणि या दोघांनी स्वतःची कंपनी काढून त्याहून कितीतरी कमी पैशांत कितीतरी जास्त मिनिटे तयार करायला सुरुवात केली. काटकसरीच्या खुणा पडद्यावर उघड दिसतात, फक्त त्या पाहायला कोणी शिकवलेले नसते. योगी अस्वलाच्या अंगावर शर्ट नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे, याचा विचार कधी केला आहे का? मान जिथे धडाला जोडली जाते तिथे कॉलर असली की धडाचे एकच चित्र ठेवून वर फक्त डोक्याची चित्रे बदलता येतात, आणि सांधा झाकला जातो. त्यांच्या पात्रांपैकी कितीजणांच्या गळ्यात टाय, पट्टा किंवा रुमाल आहे, ते आता मोजून पाहा. 'फ्लिंटस्टोन्स'मधला फ्रेड घरातल्या घरात धावू लागला की त्याच्या मागून तोच दिवा, तीच खिडकी पुन्हा पुन्हा जाते; पार्श्वभूमीची एक पट्टी वाटोळी फिरवली की घर हवे तितके लांब होते.

आता उलट उदाहरण. 'डकटेल्स'मध्ये अंकल स्क्रूज नाण्यांच्या राशीत सूर मारतो, तेव्हा नाणी पाण्यासारखी उसळतात. ती मालिका डिस्नेची, १९८७ सालची; पण तिच्या चित्रांचे बरेचसे काम टोकियोच्या टोकियो मूव्ही शिन्शा या संस्थेने केले होते. म्हणजे हात जपानीच, फरक पडला तो पैशांमुळे. त्यामुळे आपण ज्याला 'साधी चित्रे' म्हणतो ती कमी पैशांत कथा तरली पाहिजे म्हणून फार विचारपूर्वक साधी केलेली असतात. आणि हो, चित्र हलत नसले की सगळा भार आवाजावर येतो. आवाज लक्षात राहिला, तो चित्रकारांनी मुद्दाम त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली जागा त्याला मिळाली म्हणून.

षड्ज

चौकटीमागे यांचा प्रतिसाद वाचून 'टॉम अँड जेरी' पुन्हा लावले, या वेळी डोळे मिटून. ज्यांनी हा प्रयोग केला नसेल त्यांनी जरूर करावा. संवाद जवळजवळ नाहीतच, तरीही मांजर जिन्यावरून उतरते आहे की कोपऱ्यावरून वळते आहे हे कळते, कारण स्कॉट ब्रॅडली या संगीतकाराने प्रत्येक पावलाला सूर दिलेला आहे. व्हायोलिने पायऱ्या उतरतात, झांज भिंतीवर आपटते, आणि मधल्या शांततेत उंदीर श्वास धरून उभा असतो. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द विल्यम हॅनाच्या आवाजातली आहे. 'कॅट कॉन्सर्टो' या लघुपटात तर टॉम मैफलीत पियानोवर लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हाप्सडी वाजवतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो. त्यात दाखवलेली बोटे वाजणाऱ्या सुरांवर पडतात, हे पियानो शिकू लागल्यावर लक्षात आले आणि त्या चित्रकारांविषयीचा आदर दुणावला. या लघुपटाला ऑस्कर मिळाले. मालिकेला मिळालेल्या सातांपैकी ते एक. पाश्चात्त्य अभिजात संगीताशी माझी पहिली ओळख कोणत्याही वर्गात झाली नाही, ती या मांजराने करून दिली.

विटले काय, तेही लिहायला हवे. जुन्या भागांत जिचे फक्त पाय आणि झाडू दिसतो ती कृष्णवर्णीय मोलकरीण आज पाहताना अवघडल्यासारखे होते. तिचे बोलणे, तिचे घाबरणे, सगळे त्या काळच्या अमेरिकी विनोदातल्या ठरावीक साच्यातले आहे. पुढे १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई रंगवण्यात आली, पण मूळ भाग आहेत तसेच फिरत राहिले. आमच्या घरी तिला 'ती मावशी' म्हणत आणि पुढे कोणी विचार करत नसे. आज मुलांबरोबर पाहताना मी तो भाग गाळत नाही, थांबवून सांगतो. त्यांना त्यातले कितपत कळते ते ठाऊक नाही, पण प्रश्न मात्र येतात.

पेन्शनीत

आपण सगळे तरुण मंडळी आहात, म्हणून एक जुनी आठवण नोंदवतो. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आले आणि बराच काळ दिवसभर कार्टून व रात्री त्याच वाहिनीवर टीएनटीचे इंग्रजी चित्रपट, असा संसार चालला. त्याआधीच्या आमच्या पोराबाळांना मिळालेले ॲनिमेशन म्हणजे मुंबई दूरदर्शनवर कधीमधी लागणारे लघुपट. त्यात सर्वांत वर 'एक अनेक और एकता'. १९७४ चा हा लघुपट विजया मुळे यांचा, ॲनिमेशन भीमसेन, राम मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, आणि संगीत आमच्या वसंत देसाईंचे. त्यातले 'सूरज एक, चंदा एक' गाणारा बालस्वर साधना सरगम यांचा, म्हणजे दाभोळच्या मुलीचा. कथा नवी नाही. पक्षी जाळ्यासकट उडून जातात ती गोष्ट आपण हितोपदेशापासून ऐकत आलो. पण ताई आणि धाकटा भाऊ यांच्या गप्पांतून ती उलगडते, आणि 'अनेक म्हणजे काय' या प्रश्नाला ताई व्याख्या सांगत न बसता आकाशाकडे, झाडाकडे बोट दाखवते. बालशिक्षणावरचे जाडजूड ग्रंथ वाचूनही हे अनेकांना साधत नाही.

विजयाबाई मुंबईच्या, दिल्लीत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या केंद्राची जबाबदारी त्यांनी सांभाळली होती. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या त्या मातोश्री. राम मोहन १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात दाखल झाले. त्या विभागाला शिकवायला डिस्नेकडचे क्लेअर वीक्स आले होते. म्हणजे मुंबईत पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्या कचेरीत, ही कला तेव्हापासून रुजत होती. पुढे राम मोहन यांनीच युनिसेफसाठी 'मीना' केली, जी शाळेत जाण्यासाठी हट्ट धरते आणि जिच्या खांद्यावर मिठू पोपट असतो.

एक गंमत सांगतो. हा लघुपट रंगीत आहे हे मला फार उशिरा कळले. दूरदर्शनवर रंग आला १९८२ मध्ये, आणि आमच्या घरचा संच त्यानंतरही बरीच वर्षे कृष्णधवलच होता. आज इंटरनेटवर तो केशरी-पिवळा पाहतो तेव्हा चांगला वाटतो, पण ओळखीचा वाटत नाही. गाणे तेवढे जसेच्या तसे आहे. माजघर यांच्या पारड्यात माझे मत टाकावे.

नोबिताचा_गृहपाठ

काका, आपण 'तरुण मंडळी' म्हणालात त्यातली खरी तरुण मी असावे, कारण माझे कार्टून म्हणजे 'हंगामा' वाहिनीवरचे डोरेमॉन आणि शिनचॅन. दूरदर्शनची गाणी मला माहीत आहेत, पण ती आईकडून.

डोरेमॉन पुन्हा पाहिले तेव्हा जाणवले, की त्यात जपान लपवण्याचा कोणी फारसा प्रयत्नच केला नव्हता. सरकत्या दारांची घरे, जमिनीवर बसून जेवणे, रिकाम्या भूखंडावर रचलेले सिमेंटचे पाइप, हे सगळे आहे तसे होते. फक्त दोरायाकीचा 'डोरा केक' झाला होता. आणि ते परके वाटले नाही. दारातच चपला काढणारी, गृहपाठावरून ओरडणारी, कमी गुण मिळाले की उत्तरपत्रिका शोधून काढणारी ती आई आम्हाला 'फ्लिंटस्टोन्स'मधल्या विल्मापेक्षा कितीतरी जवळची होती. डोरेमॉनची मूळ चित्रकथा १९६९ ची, म्हणजे नोबिता माझ्या आईपेक्षा मोठा आहे, हे कळल्यावर आई फार खूश झाली.

शिनचॅनचे प्रकरण निराळे. ती चित्रकथा जपानमध्ये मुळात मोठ्यांच्या साप्ताहिकात येत असे, आणि आपल्याकडे मुलांच्या वाहिनीवर ती लागल्यावर पालकांनी डोक्याला हात लावला. २००८ मध्ये ती काही काळ बंदही झाली होती. आज पाहताना मला त्यातला बाबाच जास्त दिसतो: घराचे हप्ते फेडणारा, लोकलमध्ये लोंबकळणारा, घरी येऊन मोजे काढणारा. मुलांसाठी नसलेली गोष्ट आम्ही मुलांची म्हणून पाहिली आणि वाढल्यावर ती आमची झाली, असे म्हणता येईल.

पण घरात खरी भांडणे झाली ती भाषेवरून. मी खेळताना हिंदी बोलत असे. बाहुल्या हिंदी बोलत, भांडण हिंदीत होई, मराठी फक्त जेवणाच्या ताटावर. आजीला ते मुळीच खपत नसे. हे आमच्याच घरचे नव्हते, हे पुढे कळले: बांगलादेशात मुले हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारींवरून तिथल्या सरकारने २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनचे प्रक्षेपण थांबवले होते. बंदी मला पटत नाही, पण आजीचे दुःख कळते. माजघरदादा, आवाजच टिकतो असे तुम्ही म्हणता, तर मग आमच्यापाशी जो टिकला तो मराठी का नाही?

अड्यारचा_पाहुणा

वरचा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे. मी चेन्नईत वाढलो. घरी मराठी, आणि दूरचित्रवाणीवर तमिळ. तिथे कार्टून नेटवर्कला तमिळ ध्वनिमार्ग होता, आणि २००७ मध्ये सन समूहाची चुट्टी टीव्ही ही पूर्ण वेळ तमिळ बाल-वाहिनी आली. पाठोपाठ तेलुगूत खुशी, कन्नडमध्ये चिंटू आणि मल्याळममध्ये कोच्चू आली. कन्नड मुलांना 'चिंटू' नावाची वाहिनी मिळाली आणि ज्या भाषेत चिंटू नावाचा मुलगा वर्तमानपत्रातून रोज घरी येत होता त्या भाषेला एकही नाही, यावर पुण्याच्या मावसभावाला मी भरपूर चिडवले आहे.

तमिळ भाषांतराचा दर्जा सांगतो. ते लोक वाक्यामागून वाक्य उलथत नसत. मदुराईकडची बोली, चेन्नईच्या रिक्षावाल्याची बोली, सिनेमातल्या संवादांच्या नकला, असे काय काय त्या परदेशी पात्रांच्या तोंडी येई. माझी तमिळ शाळेत सुधारली नाही, तिथे सुधारली. त्यामुळे 'कार्टूनमुळे भाषा बिघडते' हे वाक्य ऐकले की मला हसू येते. कार्टून ज्या भाषेत असेल ती भाषा मुले उचलतात, एवढेच खरे.

चौकटीमागे

मराठी का नाही, याचे उत्तर भावनेत शोधू नये, जाहिरातींच्या दरपत्रकात शोधावे. ध्वनिमार्ग वाढवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. चित्र तेच राहते, फक्त लेखक, आवाज आणि ध्वनिमुद्रण यांचा खर्च येतो. तो खर्च नवा प्रेक्षक मिळणार असेल तरच कोणी करतो. तमिळ मूल हिंदी वाहिनी पाहणार नाही हे वाहिन्यांना ठाऊक होते. मराठी मूल पाहतेच, हेही ठाऊक होते. जो आधीच आपल्या दुकानात आला आहे त्याच्यासाठी दुसरे दार कोण काढेल?

कला इथे नव्हती असे तर कोणी म्हणू शकत नाही. फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून दाखवल्या, प्रभातने १९३० च्या दशकात 'जंबुकाका' काढला, आणि पेन्शनीत काकांनी लिहिले ते पेडर रोडवरचे काम तर सर्वांसमोर आहे. शिवाय हिंदीसाठी आवाज देणाऱ्यांत मराठी माणसे पूर्वीपासून आहेत, शेरखानच बघा.

माजघर

प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. चौकटीमागे यांनी चित्रांची बाजू मांडल्यावर मोगलीचा एक भाग फक्त पार्श्वभूमीसाठी पाहिला, आणि स्थिर चौकटींत झाडांवर किती काम केलेले आहे ते दिसले. तरी माझा कौल आवाजालाच आहे, आणि नोबिताचा_गृहपाठ यांच्या प्रश्नानंतर तर अधिकच.

अलीकडे काही बाल-वाहिन्यांवर मराठी ध्वनिमार्गाचा पर्याय मिळू लागला आहे, म्हणून धाकट्या भाचीसाठी तो लावून पाहिला. तिने थोडा वेळ ऐकले आणि पुन्हा हिंदी लावायला सांगितले. कारण विचारले तर म्हणाली, 'हा त्याचा आवाज नाही.' तिच्या दृष्टीने त्या पात्राचा खरा आवाज हिंदीच, जसा माझ्या शेरखानचा. त्यात मराठी संवादही असे होते, की 'मी तुला सोडणार नाही' याच्या पलीकडे खलनायकाला शिवीगाळ म्हणून काही सुचत नव्हते. मेल्या, भामट्या, टोणग्या, चोंबड्या, एवढी दौलत घरात असताना! दोन वर्षांच्या मुलाने पहिल्यांदाच मराठीत ऐकले तर ते त्याचे होईल. आठ वर्षांच्या मुलीला मात्र आधी ऐकलेल्यापेक्षा चांगले काही तरी द्यावे लागेल.

पेन्शनीत

भाचीचे बरोबर आहे. पण शीर्षकगीतापासून सुरुवात करावी, असे सुचवतो. वसंत देसाई आणि गुलजार यांनी मुलांसाठी लिहिताना-बांधताना हात आखडता घेतला नव्हता. मराठीत बालगीतांची परंपरा असताना मराठी ध्वनिमार्गावरचे शीर्षकगीत हिंदी चालीत मराठी शब्द कोंबून का करतात, हे कोणा जाणकाराने इथे लिहावे.

चौकटीमागे

चाल बहुधा परवान्याबरोबर येते आणि ती बदलता येत नाही, शब्द तेवढे आपले. पण त्या शब्दांसाठी कवीला वेळ आणि पैसे कितपत मिळतात, हे विचारू नका, काका.